तेहतीस फुटांची साखळी

नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या सोनईत ऊस एकरावर बोलला जातो आणि जमीन गुंठ्यावर. एकरी शंभर टन काढल्याची बढाई चहाच्या टपरीवर चालते, पण राहुरीकडून शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्याकडेचा तुकडा विकायला निघाला की एकराची भाषा संपते. भावाभावांत वाटणी झाली की गुंठा, घराला जागा घ्यायची झाली की गुंठा, शेजाऱ्याशी भांडण लागले की "आपले तीन गुंठे पलीकडं गेलेत". पुण्याच्या आसपास जमिनी विकून अंगठ्या आणि गाड्या केलेल्यांना तर लोकांनी 'गुंठामंत्री' हे खातेच देऊन टाकले. हा गुंठा पणजोबांच्याही पणजोबांपासून चालत आलेला, इथल्या मातीतच उगवलेला असावा अशी आपली समजूत असते.

नाव इथलेच आहे. माप मात्र लंडनहून आले आणि आले तेही अर्धे होऊन.

गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद जागा. १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. आता तेहतीसच का? तीस का नाही, पस्तीस का नाही? याचे उत्तर शोधत मागे गेले की आपण एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञापाशी पोचतो. हा गृहस्थ पाद्री होता आणि लंडनच्या ग्रेशम कॉलेजात खगोलशास्त्र शिकवीत असे. इंग्लंडातली जमिनीची मापे चारच्या पाढ्यात चालत आणि आकडेमोड दहाच्या. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी त्याने १६२० च्या सुमारास सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची एक साखळी काढली. दहा चौरस साखळ्या म्हणजे बरोबर एक एकर, ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल. मोजणीदाराने शेताची लांबी-रुंदी साखळीत आणि कड्यांत घ्यायची, गुणाकार करायचा आणि उत्तराला दहाने भागायचे, की एकर तयार. पुढे ही साखळी जिथे जिथे इंग्रज गेले तिथे तिथे गेली. क्रिकेटची बावीस यार्डांची खेळपट्टी ही हीच गंटरची साखळी आहे, पुरी सहासष्ट फूट. म्हणजे सोनईच्या पोरांनी सुगीनंतर मोकळ्या रानात तीन काठ्या ठोकून खेळपट्टी मोजली, तर लांबीने ती दोन गुंठ्यांइतकी भरते.

मुंबई इलाख्यात जमीन मोजायला जी साखळी वापरात आली ती गंटरच्या साखळीच्या निम्मी, तेहतीस फुटांची. आणि तिचे भाग शंभर नाहीत, सोळा. ते भाग म्हणजे आणे. साखळीचे सोळा आणे, गुंठ्याचेही सोळा आणे, जसे रुपयाचे सोळा आणे. मला या साऱ्या गोष्टीतली सर्वांत हुशारीची खेळी ही वाटते. गंटरने दहाचा हिशेब सोपा व्हावा म्हणून शंभर कड्या केल्या होत्या; पण इथे मोजणीच्या वहीत आकडे मांडणार होता तो मोडी लिहिणारा मराठी कारकून, आणि त्याला पावकी-निमकी, पाऊणकी-सवायकी तोंडपाठ होती. त्याला दशांश शिकवत बसण्यापेक्षा साखळीलाच आणे पाडलेले बरे. सातासमुद्रापलीकडच्या मापाला असा देशी हिशेब जोडला गेला आणि दोन पिढ्यांत लोक ते माप आपलेच समजू लागले.

त्याआधी काय होते? मोजणी नव्हती असे नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाही मुलखात, म्हणजे या नगरच्याच भागात, धारा बांधून दिला आणि त्याची आठवण पुढे मराठेशाहीच्या कागदांतही निघत राहिली. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी केलेल्या मोजणीतली काठी पाच हात पाच मुठींची. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा, एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर. वीस चौरस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा बिघा, अशी मधली पायरीही होती. पण हात कोणाचा आणि मूठ कोणाची, हा प्रश्न राहतोच. काठी ठरवून दिली तरी गावोगावी रिवाज वेगळे. कुठे हलक्या जमिनीचा बिघा मोठा धरत आणि भारीचा लहान, म्हणजे माप जमिनीचे नसून तिच्या पिकाचे असे. कुठे मणभर पेऱ्याची जमीन, खंडीभर पेऱ्याची जमीन असे बियाण्यावरून सांगत. आणि दानपत्रांत, खरेदीच्या कागदांत जमीन ओळखायची ती चतुःसीमेने: पूर्वेला ओढा, पश्चिमेला अमक्याचे शेत, दक्षिणेला वाट, उत्तरेला चिंच. ओढा सरकतो, शेजारी मरतो, चिंच वठते. तरी त्या काळी भागत होते, कारण जमीन पुष्कळ आणि कसणारा दुर्मीळ होता.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि नगर जिल्हा कंपनीकडे आला. पहिला कलेक्टर कॅप्टन हेन्री पॉटिंजर. पुढे हाच हाँगकाँगचा गव्हर्नर झाला. कंपनीला सारा हवा होता, आणि तो गावाच्या पाटलाकडून ठोक न घेता शेतागणिक, खातेदारागणिक. त्यासाठी शेत म्हणजे किती आणि कुठून कुठवर हे कागदावर यायला हवे. पहिला मोठा प्रयत्न पुण्याकडे रॉबर्ट कीथ प्रिंगलने केला, १८२८ च्या सुमारास. प्रिंगल हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला. तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस. त्यामुळे त्याने शेताचा खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न काढून त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून लावायचा, असा पुस्तकी डाव मांडला. कागदावर सुंदर, शिवारात अशक्य. मोजणीची कामे ज्यांच्या हाती होती त्यांनी लाच खाल्ली, आकडे फुगले, सारा जड झाला आणि इंदापूर भागातली माणसे शेते टाकून निजामाच्या हद्दीत निघून गेली. माल्थसच्या शिष्याला लोकसंख्या घटण्याचा हा प्रकार गुरूने शिकवला नसावा.

१८३५ मध्ये इंदापुरात एच. ई. गोल्डस्मिड नावाचा तरुण मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट नावाचा इंजिनिअर लेफ्टनंट नव्याने कामाला लागले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. जमीन मोजायची, तिची प्रत ठरवायची, गावांचे गट पाडून पाऊसपाणी आणि बाजारपेठेचे अंतर पाहून वरचा दर ठरवायचा आणि तो तीस वर्षे बदलायचा नाही, एवढेच. कॅप्टन डेव्हिडसन हा तिसरा. या तिघांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याच्या मोजणीचे कायमचे नियम घातले आणि त्याच नियमांनी १८५० च्या आगेमागे ही साखळी नगर जिल्ह्यातल्या शिवारांत फिरली.

ती सोनईसारख्या गावात कशी फिरली असेल, याचा माग काढणे अवघड नाही, कारण तिने आपली पावले कागदावर ठेवली आहेत. त्या कागदाचे नाव टिपण. भूमी अभिलेख कार्यालयात आजही ते मिळते. जुने असेल तर मोडीत. टिपण म्हणजे एका शेताचा हातनकाशा, प्रमाणात न काढलेला. शेताच्या पोटातून एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे एक सरळ रेघ टाकलेली असते आणि त्या रेघेच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यासारख्या काटकोनी रेघा निघालेल्या असतात, बांध जिथे जिथे वळला तिथवर. प्रत्येक रेघेवर साखळ्या आणि आणे.

रान मोकळे झाल्यावर, साधारण दिवाळीनंतर, मोजणीदार येई. पावसाळा कचेरीत गुणाकार करण्यात जाई. त्याच्याकडे हत्यारे म्हणावी तर दोनच: साखळी आणि शंकू. शंकू म्हणजे दांड्यावर बसवलेला लाकडी ठोकळा. त्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी. एका फटीतून मुख्य रेघेवरची काठी दिसायची आणि दुसऱ्या फटीतून बांधाचा कोपरा दिसला, की त्या जागेवरून कोपऱ्यापर्यंतचे अंतर साखळीने घ्यायचे. बस, एवढेच. दुर्बीण नाही, होकायंत्र नाही. शेताचे असे त्रिकोण आणि समलंब चौकोन पडले की प्रत्येकाचे क्षेत्र गुणाकार बुकात काढून बेरीज घ्यायची. ज्याला सातवीची भूमिती येते त्याला हे आजही करता येईल.

साखळी ओढायला गावचीच माणसे. हद्द दाखवायला महार वतनदार, कारण गावाची शीव त्याच्या तोंडपाठ असे आणि शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष पाटला-कुलकर्ण्याच्या साक्षीइतकीच, कधी तिच्याहून जास्त मानली जाई. अहवालांवर सह्या गोल्डस्मिड-विंगेटच्या आहेत. पण "साहेब, बांध इथून वळतो" हे ज्याने सांगितले त्याच्या शब्दावर तो सारा नकाशा उभा आहे.

मोजणीदाराने पाडलेल्या तुकड्याला सर्व्हे नंबर मिळे. नंबर केवढा असावा याचा हिशेबही बैलांवरून बांधलेला होता: एका जोडीने आटोपेल एवढी जमीन. हलक्या जिरायतीत वीस एकर, मध्यम जमिनीत पंधरा, भारीत बारा, भातखाचरात चार. कोपऱ्याला दगड किंवा मातीचा बुरूज. दगडाला मात्र मोल फार, कारण टिपणात कोन नाहीत, फक्त लांब्या आहेत. सुरुवात कुठून करायची हे दगड सांगतो. दगड गेला की टिपण अधांतरी.

मोजणीदाराच्या मागून प्रतबंदीवाला येई आणि त्याचे काम मला मोजणीहूनही रसाळ वाटते. तो शेताचे चौकोनी भाग पाडून प्रत्येक भागात पहारीने खणून मातीची खोली पाही. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची, काळी माती असेल तर सोळा आणे. तिथून खाली चौदा, बारा, दहा करत करत शेवटची प्रत दोन आण्यांवर. तांबूस भरड मातीची गिनती वेगळी, मुरमाडाची त्याहून खालची. मग दोष. चुनखडीचे खडे असतील तर टिंबांची खूण, वाळू मिसळली असेल तर वेगळी, जमीन उताराची असेल तर तिरकी रेघ, माती धरून राहत नसेल तर फुली, पाणी मुरत नसेल तर आणखी काही, ओढ्याचे पाणी अंगावरून जात असेल तर वेगळी खूण, खालून पाझर फुटत असेल तर गोल. प्रत्येक दोषाला एकेक प्रत खाली. नेवासे तालुक्यात भारी काळी रानेही आहेत आणि मुरमाड माळही, त्यामुळे एकाच शिवारात या खुणांचा सगळा बाजार भरलेला सापडतो. शेतकरी ज्या नजरेने जमीन विकत घेताना पाहतो, तीच नजर सरकारी कारकुनाला नियमात बांधून दिली होती. इंग्रजी राज्यातल्या कागदपत्रांत शेतकऱ्याच्या इतक्या जवळ गेलेला दुसरा कागद मला माहीत नाही.

मात्र त्याचा हेतू विसरून चालणार नाही. हे सारे साऱ्यासाठी होते. तीस वर्षे संपली, फेरमोजणी आली, दर चढले आणि १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या तेव्हा त्या आगीच्या कारणांत वाढलेला साराही होता. दर तीस वर्षांनी होणाऱ्या पैमाषीवर जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कोरडे ओढले ते उगीच नव्हे.

इथे दुसऱ्या एका साखळीची गोष्ट सांगायला हवी, कारण दक्षिणेतला मोजणीदार म्हटले की लोकांना तीच आठवते. विल्यम लॅम्ब्टन. श्रीरंगपट्टणच्या लढाईत आर्थर वेलस्लीबरोबर असलेला हा पायदळाचा अधिकारी. १० एप्रिल १८०२ रोजी त्याने मद्रासजवळ साडेसात मैलांची आधाररेषा मोजायला घेतली. त्याची साखळी पोलादी, शंभर फुटांची. ती मुळात चीनच्या बादशहासाठी नजराणा म्हणून गेली होती. बादशहाला तिचे कौतुक वाटले नाही म्हणून ती हिंदुस्थानात उतरली. कोन मोजायचा त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. तो इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी जहाजासकट पकडून मॉरिशसला नेला आणि मग सभ्यपणे परत पाठवला. पुढे १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना तो भिंतीवर आदळला तेव्हा लॅम्ब्टनने तंबूत बसून स्वतः दुरुस्त केला. टेकडी ते गोपूर, गोपूर ते टेकडी असे त्रिकोण जोडत त्याने वीस वर्षे दक्षिण पालथी घातली. सारा गोळा करण्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते. पृथ्वीची गोलाई किती हे त्याला काढायचे होते. २० जानेवारी १८२३ रोजी हैदराबादेहून नागपूरकडे जाताना वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो मरण पावला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचा वारस जॉर्ज एव्हरेस्ट त्या वेळी बिदरच्या बाजूने मुंबईकडे जाणारी त्रिकोणांची आडवी माळ ओवत होता. ती माळ पुढे शॉर्ट्रीड आणि जेकब यांनी पुरी केली.

म्हणजे दख्खनच्या या पठारावर एका शतकात दोन साखळ्या फिरल्या. एक टेकड्यांच्या माथ्यावरून, इंचाच्या अंशाची काळजी करत. दुसरी बांधाबांधाने, आण्यांत. पहिलीने देशाचा सांगाडा दिला, दुसरीने शेताला नंबर दिला. पण गावच्या मोजणीने आपली रेघ लॅम्ब्टनच्या त्रिकोणांना बांधून घेतली नाही. तिला गरजच नव्हती. शेत जगाच्या पाठीवर नेमके कोणत्या अक्षांशाला आहे यावर सारा ठरत नाही. ते किती एकर आणि कोणत्या प्रतीचे यावर ठरतो. मोजणी कार्यालयात आज जे तंटे येतात त्यांतल्या कितीतरींचे मूळ या न जुळलेल्या दोन साखळ्यांत आहे, असे माझे मत आहे.

कसे ते पाहा. साखळीचा सोळावा भाग, एक आणा, म्हणजे दोन फूट आणि पाऊण इंच. टिपण लिहिणाऱ्याने याहून बारीक माप घेतले तर अर्धा आणा, म्हणजे सुमारे एक फूट. नंबराचे क्षेत्र लिहिले ते एकर आणि गुंठ्यांत. साखळी वापरून वापरून कड्या झिजतात, ती लांबते, उन्हाने लांबते, ढिली धरली तर झोळ पडतो. वीस एकरांच्या जिरायतीवर सारा लावायला एवढी सुटसुटीत मोजणी पुरेशी होती, किंबहुना चांगलीच होती. आणि त्या वेळी शेतकऱ्याची इच्छा काय असे? गुंठा कमी भरावा! जितके क्षेत्र कमी, तितका सारा कमी. पणजोबांनी मोजणीदाराला विनवले असेल ते क्षेत्र कमी लिहावे म्हणून, आणि पणतू तोच कागद घेऊन जास्त क्षेत्र मागायला जातो.

मधल्या काळात साखळीवर नवनवी ओझी पडत गेली. १८७९ चा जमीन महसूल कायदा. मग १९०३ चा हक्कनोंदीचा कायदा: तोवर सर्व्हे नंबर सारा कोण भरतो ते सांगत होता, आता जमीन कोणाकडे आहे तेही त्याच कागदातून दिसू लागले. भाऊ वेगळे झाले, नंबरांचे हिस्से पडले, फाळणी झाली. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, तुकडे जुळवून गट पाडले, सर्व्हे नंबर गेला आणि गट नंबर आला. कुठे गटाचा नकाशा जागेशी जुळला, कुठे जुळला नाही. नगर जिल्ह्यात याच्या कहाण्या सांगणारे कोणत्याही तालुक्याच्या आवारात भेटतील. मग मेट्रिक मापे. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले, आणि लोक आर म्हणजेच गुंठा असे धरून चालू लागले. तसे नाही. आर शंभर चौरस मीटरांचा, गुंठा एकशे एक आणि वर थोडा. एका एकरात हा फरक जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा होतो. चाळीस आर देऊन एकराचे पैसे घेणारा माणूस गणितात कच्चा नसतो.

सोनईत तर जमिनीचे रूपच पालटले. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा धरण झाले, सव्वीस टीएमसी पाण्याचे. त्याचा उजवा कालवा राहुरी, नेवासे, शेवगाव, पाथर्डीकडे निघाला. कालव्याने, चाऱ्यांनी जुन्या नंबरांतून आडवे-तिडवे पट्टे कापून नेले. सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ज्या रानाला प्रतबंदीवाल्याने पहार मारून सहा आणे लिहिले होते तिथे ऊस डोलू लागला. उलटेही घडले: पाण्याचा अतिरेक झालेली, सोळा आण्यांची भारी काळी जमीन ठिकठिकाणी चोपण झाली. प्रतबंदीच्या खुणांत पाणी न मुरण्याचा दोष होता, पाझराचा होता, पाटपाण्याचा नव्हता. सातबाऱ्यावर आकारणीचा रकाना अजून आहे. त्यातले रुपये-पैसे पाहिले तर कितीतरी शेतांचा वर्षाचा आकार टपरीवरच्या दोघांच्या नाश्त्याहून कमी भरतो. ज्या साऱ्यासाठी ही सगळी यातायात केली तो नावापुरता उरला, आणि त्या यातायातीत तयार झालेला कागद लाखांच्या व्यवहारांना पुरावा होऊन बसला. हे काम त्याला कधी सांगितलेच नव्हते. न्यायालये वारंवार सांगतात की सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. पण तालुक्याच्या आवारात हे कोणाला पटत नाही.

आता मोजणी आणली की साखळी येत नाही. भूकरमापक खांद्यावर रोव्हर घेऊन येतो. उपग्रहांकडून संदेश घेऊन तो बांधावरच्या बिंदूचे अक्षांश-रेखांश सेंटिमीटरच्या हिशेबात सांगतो. लॅम्ब्टनची साखळी आणि गोल्डस्मिडची साखळी अखेर एका यंत्रात एकत्र आल्या. ऑनलाइन अर्ज, ऑनलाइन फी, ठरलेली तारीख, शेवटी 'क' प्रत. काम झटपट होते यात शंका नाही आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण एक गोष्ट रोव्हरला येत नाही. तुम्ही त्याला जिथे उभे कराल तिथला बिंदू तो बिनचूक सांगेल. १८५० च्या सुमारास कोपरा कुठे होता हे तो सांगणार नाही. त्यासाठी भूकरमापकाला टिपणच उघडावे लागते, साखळ्या-आण्यांचे मीटर करावे लागतात आणि मग आसपास एखादा खात्रीचा जुना दगड मिळतो का ते शोधावे लागते. दोन शेजारी वीतभर बांधावरून डोकी फोडतात तेव्हा ती वीत मूळ मोजणीच्या मापातच बसत नाही, हे त्यांना सांगायचे कोणी? अर्ध्या आण्याच्या खाली टिपणाला बोलता येत नाही. बांधाची वीत टिपणातून शोधून काढण्यापेक्षा दोघांनी मधे बसून ठरवून कागद करून घेतलेला बरा, असे माझे सरळ मत आहे.

शेजारचे शिंगणापूर घरांना दारे नसल्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. पण दार नसले तरी तिथल्या शेताला नंबर आहे, बांध आहे आणि कोपऱ्याला कधी काळी पुरलेला दगड आहे. हे दगड शोधायचे तर जुना गावनकाशा घेऊन तीन गावांच्या शिवा मिळतात तिथून चालायला लागावे. जुन्या मोजणीचा खरा प्रवास हाच, बांधाबांधाने, नंबरामागून नंबर. वाटेत वेड्या बाभळीत दडलेला, मातीत निम्मा गेलेला घडीव दगड भेटला तर तो त्या मोजणीतला असण्याचा संभव मोठा. बहुतेक मात्र सापडत नाहीत. कोणी बांध कोरताना उपटला, कोणी ट्रॅक्टरच्या नांगराने उलथवला, कोणाच्या गोठ्याची पायरी झाला.

म्हणून वाटणी, विक्री किंवा मोजणीचा विचार मनात असलेल्यांना एवढेच सांगणे आहे: आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या जुन्या सर्व्हे नंबरचे टिपण, गुणाकार बुकाचा उतारा, फाळणी आणि गटाच्या योजनेतले पत्रक यांच्या खऱ्या नकला काढून घ्या. मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. नगर-पुण्याकडे असे लोक अजून आहेत. मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंचे शेजारी हजर ठेवा. आणि कोपऱ्यात जुना दगड उभा असेल तर तो हलवू नका, मग तो तुमच्या सोयीचा असो की गैरसोयीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली झाली तेव्हा हद्दीची खूण मुद्दाम उखडणाऱ्याला तिने दंड लिहिला तो खुणेमागे फार तर शंभर रुपये.